अंगणात डाग न पाडता ऑइल बदलायचं कसं?

प्रश्न : मी मोटरसायकलचं इंजिन ऑइल घरीच बदलतो. भाजू नये म्हणून सकाळी इंजिन गार असताना काढतो, तरी फरशीवर सडा पडतोच. जुनं तेल नालीत ओतलं तर चालेल का?
– एक वाचक, तात्यापारा, रायपूर

उत्तर : गार तेल कमी सांडतं, हा गैरसमज आहे. ते घट्ट असतं, रेंगाळत गळतं आणि गाळ मागेच ठेवतं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, थोडं थांबा. कोमट तेल पुरे, कडकडीत नको. रायपूरच्या मे महिन्यात तर तेवढीही गरज नाही.

सडा पडतो तो घाईमुळे. वरचं झाकण आधी उघडू नका. हवा आत गेली की धार जोरात उडते. खालचा बोल्ट सैल झाल्यावर हातमोजा घालून बोटांनी आत दाबत फिरवा आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घ्या. मग झाकण उघडा. खाली पाच लिटरचा आडवा कापलेला कॅन, त्याखाली पुठ्ठा. बोल्ट बसवताना वॉशर नवा घाला, पण पान्यावर जोर काढू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च मोठा. नवं तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच आणि तेवढंच.

डाग पडलाच तर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा टाका, मग साबणाने घासा.

नालीत मात्र थेंबही नको. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून, ते पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या. आणि गाडी वॉरंटीत असेल, तर आधी अटी वाचा.