मोटारसायकलची उंची आणि समरूप त्रिकोण : स्वस्त लोअरिंग किट कसं निवडाल?



माझं घर साताऱ्यात, शाळा सांगली जिल्ह्यात आणि उंची ५ फूट २ इंच. गाडी हिमालयन ४११, तिची सीट जमिनीपासून ८०० मि.मी. एकदा यवतेश्वरच्या चढावर थांबताना उताराच्या बाजूला पाय टेकवायला गेले, तो पोहोचलाच नाही. गाडीसकट आडवी! लागलं थोडंच, पण मागून एसटी येत होती. त्या दिवशी ठरवलं, गाडी खाली घ्यायची.

किट म्हणजे काय?
मोनोशॉकच्या गाडीत शॉकअप आणि चिमटा यांना जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लिंक असतात. बऱ्याच गाड्यांत थोड्या लांब पट्ट्या बसवल्या की मागचा भाग खाली येतो. ही आपली तरफच! पट्टीतला छोटा बदल चाकापाशी मोठा होतो. स्प्लेंडरसारख्या दोन शॉकअपच्या गाडीत मात्र शॉकअपच आखूड घ्यावे लागतात.

आता गणित करा
किट मागचा भाग ३० मि.मी. खाली आणतं. मग सीटही ३० खाली येईल का? नाही. पुढचं चाक जागेवरच राहतं. सीट पुढच्या आसापासून दोनतृतीयांश अंतरावर असेल, तर समरूप त्रिकोणाने ३० × २/३ = २० मि.मी. दुकानदार सांगतो तो आकडा आणि पायाला मिळणारा आकडा वेगळा असतो, हे लक्षात ठेवा.

बदल्यात काय जातं?
१. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जास्त उभी राहते आणि दुसऱ्या बाजूला कलंडू शकते.
२. हेडलाइट वर बघू लागतो.
३. गतिरोधकावर पोट घासू शकतं. डबलसीट असताना मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला लागू शकतो.

निवडताना
• किट आपल्याच मॉडेलचं हवं. दोन्ही पट्ट्या समान लांबीच्या आणि भोकं बोल्टला घट्ट बसणारी असावीत.
• बसवल्यावर चेनचा ताण तपासा, बोल्ट पुन्हा आवळा.
• मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही. आधी आरटीओत विचारा.

त्याही आधी
मी काय केलं? सीटचा फोम कापून घेतला, शॉकअपची स्प्रिंग थोडी सैल केली, जाड तळाचे बूट घेतले. आता चवडे नीट टेकतात. किट घेतलंच नाही! डबलसीट किंवा सामान असलं की स्प्रिंग पुन्हा आवळते, एवढंच.

सगळ्यात स्वस्त किट म्हणजे जे घ्यावं लागत नाही ते. आधी टेप घ्या, बूट घालून गाडीवर बसा आणि टाच किती वर राहते ते मोजा.

वर्गासाठी प्रश्न : मागचा भाग ४५ मि.मी. खाली आला, तर वरच्या उदाहरणातली सीट किती खाली येईल?