परवान्याविना निघालेले जुने व्हिडिओ गेम : हौसेला किती पडतात?

निन्टेन्डोचा एनईएस हा कन्सोल १९८५ साली अमेरिकेत आला, तो आत पहारेकरी बसवूनच. एक चिप कन्सोलमध्ये आणि तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये. दोघींचे जुळले नाही, तर पडदा सेकंदासेकंदाला लुकलुकत राही. ही जोडीदार चिप हवी असेल तर निन्टेन्डोचा परवाना घ्यायचा आणि त्यांच्या अटी पाळायच्या. काही कंपन्यांनी दोन्ही टाळले. कार्ट्रिजमधून व्होल्टेजचा झटका देऊन त्यांनी पहारेकऱ्याला गांगरवले आणि आपले खेळ बाजारात आणले. आज त्या कार्ट्रिजचे शौकीन जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. घ्यायचे ठरवले तर खिशाला किती भार पडेल, त्याचा हा हिशेब.

आधी एक फरक

परवान्याविना निघालेला खेळ वेगळा आणि चोरटी नक्कल वेगळी. पहिल्यात खेळ कंपनीचा स्वतःचा असतो, फक्त कन्सोलवाल्याची संमती नसते. दुसऱ्यात दुसऱ्याचाच खेळ उचललेला असतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘लिटल मास्टर’सारख्या टीव्ही गेमवर चालणाऱ्या बहुतेक ‘कॅसेटी’ दुसऱ्या प्रकारातल्या. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. आठवण म्हणून त्या ठेवाव्यात, पण संग्राहकांच्या बाजारात त्यांना फारसा भाव नाही.

कशाला किती?

पुढचे भाव सुट्ट्या, चालू कार्ट्रिजचे आणि अंदाजे आहेत. हिशेबापुरता एक डॉलर ९० रुपयांचा धरला आहे. खोका आणि माहितीपुस्तिका सोबत असेल, तर रक्कम सहज दुप्पट-तिप्पट होते.

*बायबल ॲडव्हेंचर्स (१९९१) : ९०० ते १,८०० रुपये.* कलर ड्रीम्स या कंपनीचा माल ठेवू नये म्हणून दुकानदारांवर निन्टेन्डोचा दबाव असे. कंपनीने मग ‘विज्डम ट्री’ या नावाने धार्मिक खेळ काढले आणि ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत ठेवले. ती दुकाने निन्टेन्डोचा माल विकतच नव्हती, त्यामुळे दबाव आणायचा कुणावर? खप चांगला झाला, प्रती भरपूर उरल्या, म्हणून आज भाव कमी. सुरुवात करायला हाच खेळ बरा.

*मायक्रो मशीन्स (१९९१) : १,३०० ते २,३०० रुपये.* ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीचा खेळ, अमेरिकेत कॅमेरिका या कंपनीने विकला. न्याहारीच्या टेबलावर खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत लागते. या यादीत खेळायला सर्वांत मजेदार हाच. कॅमेरिकाच्या काही कार्ट्रिजच्या पाठीवर एक छोटा खटका असतो. एका बाजूला खेळ सुरू झाला नाही, तर खटका दुसरीकडे सरकवून पाहा. कार्ट्रिज बिघडले असे समजून ते परत पाठवू नका.

*टेंजेनचा टेट्रिस (१९८९) : ३,५०० ते ५,५०० रुपये.* अटारी गेम्सच्या टेंजेनने झटक्याच्या युक्तीऐवजी पहारेकरी चिपचीच नक्कल केली. त्यातच कन्सोलवरच्या टेट्रिसचे हक्क निन्टेन्डोकडे गेल्याने जून १९८९ मध्ये न्यायालयाने विक्री थांबवली. खेळ दुकानात जेमतेम महिनाभर राहिला, पण तेवढ्यात सुमारे एक लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यामुळे ‘न्यायालयाने बंदी घातलेला दुर्मीळ टेट्रिस’ अशी जाहिरात वाचून दुप्पट पैसे मोजू नका.

*ॲक्शन ५२ (१९९१) : १८,००० ते ३०,००० रुपये.* पारदर्शक प्लास्टिकचे कार्ट्रिज, आत ५२ खेळ, तेव्हाची किंमत १९९ डॉलर. बरेचसे खेळ अर्धेकच्चे, काही मधेच अडकणारे. ‘ऊझ’ या खेळाची पाचवी पातळी गाठणाऱ्यांसाठी १,०४,००० डॉलरच्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर झाली होती. गंमत अशी की सुरुवातीच्या प्रतींत तो तिसऱ्या पातळीवरच बंद पडे. इथे पैसे मोजायचे ते किश्शाचे, खेळाचे नव्हेत.

*चीटामेन २ : ९०,००० रुपयांच्या पुढे.* हा अपुरा खेळ रीतसर बाजारात आलाच नाही. १९९६ मध्ये एका गोदामात सुमारे १,५०० प्रती सापडल्या. ॲक्शन ५२चीच कार्ट्रिजे वापरून त्यांवर नावाची छोटी सोनेरी चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी छापणे किती सोपे असते, ते सांगायला नको. आतला बोर्ड पाहिल्याशिवाय हा व्यवहार करूच नये.

या हौसेचे वरचे टोक किती उंच आहे? अटारी २६०० या दुसऱ्या कन्सोलसाठीच्या ‘एअर रेड’ या खेळाची खोक्यासह एक प्रत २०१० मध्ये ३१,६०० डॉलरला गेली. आपल्या अंदाजपत्रकात हा आकडा धरायचे कारण नाही.

वरखर्च

बायबल ॲडव्हेंचर्स १५ डॉलरला, म्हणजे १,३५० रुपयांना मिळाला असे धरू. अमेरिकेहून टपालाचे २० ते २५ डॉलर, म्हणजे आणखी दोन हजार. सीमाशुल्क आकारताना टपाल आणि विमाही किमतीत धरतात आणि त्यावर जीएसटी लागतो. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून सुटका होत नाही, परदेशातून येणाऱ्या भेटींवरची ती सवलत २०१९ च्या डिसेंबरातच गेली. म्हणजे स्वस्तातले कार्ट्रिज घरी येईपर्यंत किमतीच्या तिपटीच्याही पुढे जाते. एकेक मागवण्यापेक्षा चार-पाच एकदम मागवा किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पाठवून त्याच्या बॅगेतून आणवा.

*कन्सोल :* अमेरिकी कार्ट्रिजला ७२ पिना, आपल्याकडच्या टीव्ही गेमला ६० पिनांची खाच. मधे जोडणीचा तुकडा लागतो, १,००० ते १,५०० रुपये. तो घेऊनही झटका देणारी काही कार्ट्रिजे टीव्ही गेमवर नीट चालतीलच असे नाही. मूळ कन्सोल घेणार असाल, तर १९९३ चे वरून कार्ट्रिज घालायचे मॉडेल पाहा. त्यात पहारेकरी चिपच नाही. मात्र ते नेहमीच्या एनईएसपेक्षा महाग पडते.

*वीज :* अमेरिकी ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळतो. नेहमीच्या एनईएसला ९ व्होल्टचा, १.३ अँपिअरच्या आसपासचा डीसी ॲडॉप्टर चालतो. तो इथेच २००-३०० रुपयांना मिळतो.

*टीव्ही :* नव्या टीव्हीला एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर, ५०० ते ८०० रुपये. टीव्ही अमेरिकी पद्धतीचा एनटीएससी सिग्नल घेतो ना, हे आधी तपासा.

*सफाई :* आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, मिळून ३०० रुपयांच्या आत. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात.

पैसे देण्यापूर्वी

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. लिलावाच्या साइटवर ‘विकले गेले’ हा पर्याय निवडून मागच्या दोन-तीन महिन्यांतले सौदे पाहा.

समोरची, मागची आणि उघडून आतल्या बोर्डाची छायाचित्रे मागा. कार्ट्रिजचे खास स्क्रू उघडायला ३.८ मिलिमीटरचा ड्रायव्हर लागतो. बोर्ड नवाकोरा चकचकीत दिसला, तर तो पुनरुत्पादित माल समजा. ज्या खेळांना मुळात परवानाच नव्हता, त्यांच्याही नकला निघतात.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चोर बाजार किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात टीव्ही गेम आणि कॅसेटी अधूनमधून दिसतात. तिथे चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आत काळ्या लाखेच्या थेंबाखाली झाकलेली चिप असेल, तर बिघडल्यावर ती दुरुस्त होत नाही.

नुसते खेळायचेच असेल तर

मग कार्ट्रिजच्या मागे लागूच नका. विज्डम ट्रीचा एसएनईएस या निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलवरचा ‘सुपर थ्रीडी नोआज आर्क’ स्टीम या ऑनलाइन दुकानात काही शे रुपयांत मिळतो. कोडमास्टर्ससाठी बनवलेले आणि तेव्हा बाजारात न आलेले ‘वंडरलँड डिझी’ आणि ‘मिस्ट्री वर्ल्ड डिझी’ हे एनईएसचे दोन खेळ निर्मात्यांनीच २०१५ आणि २०१७ मध्ये मोफत खुले केले.

पाच हजारांत बायबल ॲडव्हेंचर्स किंवा मायक्रो मशीन्स घरी येते, टीव्ही गेम आधीच असेल तर जोडणीच्या तुकड्यासकट. पंधरा हजारांत टेंजेनच्या टेट्रिससह तीन-चार कार्ट्रिजांचा नीटस संग्रह उभा राहतो. त्यापुढचे पैसे दुर्मीळतेचे असतात आणि दुर्मीळ खेळ बहुधा खेळायला सुमारच निघतात.