नळी दुखते म्हणाली तेव्हा

लेकीची शर्यत होती ६०० मीटरची. ट्रॅकच्या दीड फेऱ्या, दोन मिनिटांच्या आत संपणारं काम. आणि त्यासाठी मी तिला पहाटे साडेपाचला कोल्हापुरात रंकाळ्याच्या डांबरी रस्त्यावर पळायला सोडत होतो. वय वर्षं तेरा.

सुरुवात बरी झाली होती. उन्हाळी शिबिरात खेळत-खेळत उड्या, रिले, चेंडूफेक. पोरगी हसत घरी यायची. मग शाळेच्या तालुका स्पर्धेत पहिली आली आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, असा सगळा हिशेब मी सातवीतल्या पोरीच्या नावावर मांडून बसलो. शिबिर सोडवून तिला एका अॅकॅडमीत घातली. नाव घेत नाही, कारण चूक निम्म्याहून जास्त माझीच आहे.

तिथं मुख्य धंदा पोलीस भरतीचा. भरतीला पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. बावीस-तेवीस वर्षांची, घरची जबाबदारी पाठीवर घेऊन पळणारी पोरं ती. त्यांची हाडं वाढून पक्की झालेली, आणि काही महिन्यांत गुण काढायची त्यांना घाई. त्यांच्या मागं माझी पोरगी, तेवढंच अंतर, तेवढेच दिवस. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. मला अभिमान वाटायचा. चार लोकांत सांगायचो, "आमची भरतीच्या पोरांबरोबर पळते."

श्रावणात ती म्हणाली, "पप्पा, नळी दुखतीया."

आमच्या घरात तालमीची परंपरा. दुखणं अंगावर काढायचं, हे बाळकडू. मी क्रेप बँडेज आणून दिलं, स्प्रे मारला आणि नवे स्पाइक्स घेऊन दिले, म्हटलं, बूट बदलले की थांबेल. ते स्पाइक्स सिंथेटिक ट्रॅकसाठीचे, सराव मात्र मुरमाच्या टणक मैदानावर. म्हणजे आगीत तेलच.

जिल्हा स्पर्धेत ती दुसरी आली आणि रेषेपलीकडं जाऊन खालीच बसली. एक्स-रे काढला, काही दिसलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ग्राउंडला पाठवली. पोरगी तरी काय, "मी जातो की, पप्पा," म्हणाली. शेवटी एमआरआय केल्यावर कळलं, नळीच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर आहे. असं ताणाचं फ्रॅक्चर सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नाही.

डॉक्टरांनी मग खाण्याचं विचारलं. पहाटे फक्त चहा, मग शाळा, डबा अर्धा परत, संध्याकाळी पुन्हा पळणं. मी रविवारी गंगावेशीत म्हशीच्या दुधाचा ग्लास पाजायचो, तेवढ्यालाच खुराक समजत होतो. हिमोग्लोबिन निघालं ९.२. पाळीचं विचारलं तेव्हा पोरीनं आईकडं पाहिलं. वर्षभर नीट येणारी पाळी तीन महिने आली नव्हती. आईला ठाऊक होतं. "सांगितलं तर ग्राउंड बंद कराल," म्हणून लेकीनं तिला शपथ घातली होती. त्या खोलीत मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. घरात बापाला दुखणं सांगायची सोय नव्हती, हा दोष कुठल्या अॅकॅडमीचा?

पुढं आठ आठवडे पळणं बंद. त्या काळात तालमीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांकडं गेलो. ते म्हणाले, "तुम्ही तालमीची रग तेवढी घेतलीसा, बाकीची तालीम इसरलासा." खरं होतं. आखाड्याची माती ताक, तेल, हळद घालून मऊ करतात. मी पोरीला डांबरावर पळवली. तालमीत पोराला आधी खुराक, मग मेहनत, मग मालिश आणि दुपारची झोप. मी मधली मेहनत तेवढी उचलली.

म्हणून ज्यांची पोरं ग्राउंडला जातात त्यांना सांगतो. सरांना पहिल्याच दिवशी विचारा, माझ्या पोराच्या वयाची किती मुलं इथं आहेत? भरतीच्या तुकडीत मिसळणार असतील तर दुसरीकडं जा. ठरलेल्या सरावाचे आठवड्याचे तास पोराच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे तेराव्या वर्षी तेरा तासांपर्यंत, शाळेचा खेळ धरून. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षात दोन-तीन महिने दुसरा खेळ. राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धेत १४ वर्षांखालच्या मुलांसाठी अॅथलेटिक्सच्या तीन प्रकारांचं ट्रायथलॉन ठेवलेलं आहे, ते उगीच नाही. धावण्याबरोबर उडी-फेकही यावी, एकाच गोष्टीला पोर जुंपलं जाऊ नये.

दुखण्याची खूण ओळखा. नळीवर लांब पट्ट्यात दुखत असेल आणि विश्रांतीनं उतरत असेल तर सराव कमी करून बघा. बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडाचे डॉक्टर. मुलीची पाळी तीन महिने चुकली तर तेही डॉक्टरांचं काम. आणि पहाटे उपाशी पाठवू नका. एक केळं, दोन खजूर चालतील.

आणखी दोन गोष्टी मला प्रेमानं सुचवल्या गेल्या होत्या. एक, दाखल्यावर वय कमी करा. हाडांचं वय तपासण्याची चाचणी आता होते, पकडलं की पोराच्या कपाळावर शिक्का. दुसरी, बिननावाच्या डब्यातली पावडर. डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, डबा कुणी दिला हे सांगून सुटका होत नाही.

आम्ही बाप लोक अविनाश साबळे आणि ललिता बाबर यांची नावं घेतो, पण त्यांचं वय बघत नाही. बीड जिल्ह्यातला साबळे सैन्यात गेल्यावर शर्यतींकडं वळला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेतलं तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. साताऱ्याच्या मोही गावची ललिता २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, तीही सत्तावीसचीच. मला मात्र सातवीत निकाल हवा होता.

लेक आता दहावीत आहे. भालाफेक करते, आठवड्यातले चार दिवस, मन लागलं तर. ते स्पाइक्स माळ्यावर पडलेत, चार नंबरचे, जेमतेम महिनाभर वापरलेले. कुणाच्या पोरीला येत असतील तर घेऊन जा. मुरमावर तेवढे घालू नका.