कर्करोग केंद्रासाठी ज्येष्ठ अध्यापक : निवड आणि जडणघडण

आपल्या जिल्ह्यात कर्करोग रुग्णालय व्हावे, अशी मागणी आज अनेक ठिकाणांहून होत असते. इमारतीसाठी जागा मिळते, देणगीदार पुढे येतात, किरणोपचाराचे यंत्रही विकत घेता येते. परंतु त्या इमारतीत ज्येष्ठ अध्यापक म्हणून कोण काम करणार, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. वास्तविक तो पहिला प्रश्न होय. विद्यापीठीय कर्करोग केंद्रात उपचार, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे ज्येष्ठ अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली चालतात. अशी व्यक्ती जाहिरात प्रसिद्ध होताच मिळेल, असे मात्र नसते.

घडणीचा काळ

कर्करोगाच्या विशेषज्ञाला एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, त्यापुढे एम.डी. किंवा एम.एस.ची तीन आणि डी.एम. किंवा एम.सीएच.ची आणखी तीन, अशी साडेअकरा वर्षे शिक्षणातच घालवावी लागतात. त्यानंतर सहायक आणि सहयोगी प्राध्यापकपदाचा अनुभव घेऊन तो प्राध्यापक होतो. म्हणजे आज वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी ज्येष्ठ अध्यापक होण्यास सुमारे दोन दशके लागतात. म्हणूनच ज्येष्ठांची संख्या मर्यादित असून त्यांना मागणी मात्र सर्वत्र आहे. खाजगी रुग्णालयांचे वेतन शासकीय वेतनश्रेणीहून बरेच अधिक असते, ही अडचणही लक्षात घेतली पाहिजे.

मुंबईचा धडा

या दृष्टीने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राची वाटचाल अभ्यासण्याजोगी आहे. सर दोराबजी टाटा न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठात शिकलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकविलेले ते अनुभवी अध्यापक होते. शस्त्रक्रिया करावी, किरण द्यावेत की औषधे द्यावीत, याचा निर्णय गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवर अवलंबून असतो. त्यामुळे कर्करोग केंद्रात विकृतिशास्त्रज्ञाचे स्थान पायाच्या दगडासारखे असते.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याचे संचालकपदही खानोलकरांकडे आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि स्वदेशी परतून मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात याच संशोधन केंद्राचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. परदेशी गेलेल्या अभ्यासकांनी परत येऊन आपले ज्ञान समाजाच्या कामी लावावे, असा त्यांचा आग्रह असे. एका ज्येष्ठाची योग्य निवड झाली की त्याच्या हाताखाली पुढील ज्येष्ठ घडतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

प्रशासकीय रचनेचाही यात वाटा आहे. हे रुग्णालय १९६२ मध्ये केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण झाले. २००५ पासून होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाद्वारे येथील पदव्युत्तर शिक्षण चालते. त्यामुळे रुग्णसेवा, प्रयोगशाळा आणि वर्ग यांची सांगड एकाच व्यवस्थेत घातली गेली.

पद भरण्यापूर्वीची सिद्धता

नव्या केंद्राने जाहिरात देण्यापूर्वी काही गोष्टींची तजवीज करावयास हवी. पहिली गोष्ट सहकाऱ्यांची. निष्णात शल्यचिकित्सक आला, पण विकृतिशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका नसल्या, तर त्याचे हात बांधलेलेच राहतात. किरणोपचाराचे यंत्रही वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाशिवाय चालविता येत नाही. म्हणून पदांचा आकृतिबंध एकेका पदापुरता न करता संपूर्ण पथकाचा करावा.

दुसरी गोष्ट वेळेची. ज्या अध्यापकाचा सारा दिवस बाह्यरुग्ण विभागात जातो, त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. आठवड्यातील काही तास अध्यापन व संशोधनासाठी राखीव असल्याचे नेमणुकीच्या वेळीच स्पष्ट असावे. निवासस्थान, मुलांचे शिक्षण आणि पती वा पत्नीची नोकरी यांचाही विचार आधीच व्हावा. तालुक्याच्या ठिकाणी येणारा विशेषज्ञ याच कारणांनी लवकर परत जातो.

तिसरी गोष्ट नोंदींची. संशोधकाला आकर्षित करते ते विश्वसनीय काम. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास झाला. विषाणू ओळखणाऱ्या चाचणीची एकच फेरी केल्यानेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आले. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय संशोधक यांना एकत्र आणणारे हे काम खेड्यांतील स्त्रियांच्या सहभागावर उभे होते.

निवड कशी असावी

निवड समितीने पदव्या आणि शोधनिबंधांची संख्या पाहून थांबू नये. उमेदवाराने किती विद्यार्थी घडविले, रुग्णांचा पाठपुरावा कसा ठेवला, इतर शाखांच्या सहकाऱ्यांशी त्याचे कसे जुळते, हेही विचारावे. मान्यतेच्या तपासणीपुरती केलेली नेमणूक कागदावर पद भरते. परंतु रुग्णाला मुंबईची गाडी धरावीच लागते आणि विद्यार्थी मार्गदर्शनाविना राहतो.

योग्य व्यक्ती मिळेपर्यंत केंद्राने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाच्या माध्यमातून लहान केंद्रांना अवघड रुग्णांविषयी अनुभवी तज्ज्ञांशी विचारविनिमय करता येतो. दरम्यान आपल्याच तरुण अध्यापकांना प्रशिक्षणासाठी पाठवून, ते परततील तेव्हा त्यांच्यासाठी पद आणि प्रयोगशाळा तयार ठेवावी.

पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचाही यात वाटा आहे. गावातील मृत्यूंची अचूक नोंद, तपासणी शिबिरांना सहकार्य आणि तंबाखूविरोधी प्रचार यांमुळे केंद्राच्या कामाला आधार मिळतो. नवे रुग्णालय मागताना इमारतीच्या नकाशाबरोबर अध्यापकांचा आराखडाही मागितला जावा. तसे झाले तरच उपचारासाठी घरदार सोडून परळच्या पदपथावर मुक्काम करण्याची वेळ ग्रामीण रुग्णांवर येणार नाही.