खाजणवाटेने

मार्गशीर्षातील पौर्णिमेचा दिवस. रायबंदरच्या धक्क्यावर मामा व त्यांची दोन भाचरे आपापल्या सायकली घेऊन फेरीबोटीची वाट पाहत उभी होती. भाची तेरा वर्षांची, तिचा भाऊ अकरा वर्षांचा. कॅरिअरवर एक राहुटी, पांघरुणे व थोडा शिधा आणि मामांच्या पिशवीत पंप व पंक्चर जोडण्याचे सामान, एवढाच काय तो सरंजाम. मांडवी ओलांडून चोडण बेट पाहावे, तेथून नार्व्यास जावे आणि पुन्हा नदी ओलांडून दिवाडी बेटावर मुक्काम करावा, असा बेत होता. अंतर फार नव्हते आणि घाई तर मुळीच नव्हती.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते 1988 साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे 1.78 चौरस किलोमीटर. परंतु तेवढ्यात खारफुटीचे दाट रान माजलेले आहे. सकाळची ओहोटी असल्यामुळे चिखल उघडा पडला होता. त्यातून तिवरांची मुळे पेन्सिलींप्रमाणे सरळ वर आली होती.

"मामा, ही मुळे आकाशाकडे कशी वाढतात?" धाकट्याने विचारले.

"या चिखलात हवा नाही. म्हणून झाडाने श्वासासाठी मुळे वर काढली आहेत. आता त्या पानावरून बोट फिरव आणि जिभेला लाव. पान मात्र तोडू नकोस."

बोट खारट लागले. तिवर खारे पाणी पिते आणि नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. जवळच निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारीत होत्या. मासा असून जमिनीवर हिंडणारा हा प्राणी पाहून दोघेही तेथून हलेनात. डोक्यावर एक ब्राह्मणी घार संथपणे घिरट्या घालीत होती.

दुपारच्या सुमारास मंडळी चोडणच्या एका मातीच्या बांधावरून चालली होती. एव्हाना भरती आली होती. बांधाच्या एका अंगास नदीचे पाणी काठोकाठ चढले होते. दुसऱ्या अंगास कापणी झालेली शेते होती आणि ती पाण्याच्या पातळीहून स्पष्टपणे खाली होती! शेकडो वर्षांपूर्वी येथील लोकांनी खाडीकाठच्या दलदलीभोवती असे बांध घालून भातशेती उभी केली. हीच खाजणे. कोकणात अशा जमिनीस खारजमीन म्हणतात.

"पण ताई, पावसाचे पाणी शेतात साचले, तर ते बाहेर कसे जाणार? बांध तर दोन्हीकडून अडवतो." शंका रास्त होती. मामा नुसते हसले. "संध्याकाळी पाहू," म्हणाले.

नार्व्यास सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. मूळ देवस्थान दिवाडी बेटावर होते; पोर्तुगीजांनी ते नष्ट केले. पुढे 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तेथे घटकाभर विसावा घेऊन मंडळी दुसऱ्या फेरीबोटीने दिवाडीस उतरली.

खाजणालगतच्या उंचवट्यावर एका वृद्ध शेतकऱ्याचे खळे होते. त्यांची परवानगी घेऊन राहुटी ठोकण्यात आली. पाण्याच्या कडेला तळ देणे शहाणपणाचे नव्हते. भरतीचे भय होतेच, शिवाय जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

सायंकाळी आजोबांनी मुलांना बांधातील लाकडी दारांपाशी नेले. या दारांस येथे 'मानस' म्हणतात. भरती चढू लागली, की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. आता ओहोटी होती. उघड्या दारांतून पाणी खळाळत बाहेर चालले होते आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात मासळी चमकत होती. धाकट्याला दुपारच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. हे यंत्र इंधन मागत नाही, की पहारेकरी मागत नाही. बांधाचे मात्र तसे नाही.

"पूर्वी बांध गावकरी संस्था राखीत असे," आजोबा म्हणाले. "1964 साली कूळकायदा आला, मग कुळांचे संघ झाले. आता तरुण माणसे नोकरीस गेली. पलीकडचा बांध फुटला, तो कोणी बांधलाच नाही. तिथे आता खारफुटी वाढते आहे."

"आणि तुमचे भात?"

"आमचा कोरगुट. थोडा खारटपणा तो सोसतो. पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेले, म्हणजे आम्ही पेरतो. पण भरतीचे पाणी शिरले आणि मुरले, तर तोही काय करील बिचारा?"

पौर्णिमेला उधाण मोठे असते. रात्री दहाच्या पुढे आजोबा विजेरी आणि फावडे घेऊन निघाले. मुलेही मागोमाग निघाली. चांदण्यात पाणी चढत होते. भाची एकाएकी थबकली. "आजोबा, इकडे काहीतरी झिरपते आहे!"

बांधाच्या आतल्या अंगाने बोटभर जाडीची धार वाहत होती. खेकड्याने बीळ पाडले होते. आजोबा क्षणभरही बोलले नाहीत. त्यांनी बीळ मोकळे केले, पेंढा आणावयास सांगितला आणि चिकणमातीत तो कालवून भोकात ठासला. मामा माती आणून देत होते, मुले पायांनी तुडवीत होती. अर्ध्या तासाने धार थांबली. "सकाळपर्यंत ही हाताएवढी झाली असती," आजोबा एवढेच म्हणाले आणि पुढच्या बांधाकडे वळले.

मध्यरात्री भरती पुरी चढली, थोडा वेळ थबकली आणि ओसरू लागली. पहाटे मानशीची दारे पुन्हा उघडली, तेव्हा राहुटीत दोन्ही मुले चिखलाने माखलेल्या पायांनीच गाढ झोपली होती.