एरर गिळू नकोस

चि. ओंकार,


ताई सांगत होती, रात्र रात्र जागतोस आणि बाजारभावांच्या प्रोग्रॅममधला एरर ‘गेला’ म्हणून खूश आहेस. तुझा कोड मी वाचला. एरर गेलेला नाही, तू तो गिळला आहेस. संदेश उलगडला नाही की ‘एक्सेप्ट: पास’, आणि चालला पुढे. त्या दोन शब्दांची मला धास्ती वाटते.

लक्षण नीट बघ. दर वेबसॉकेट कनेक्शनचा पहिला संदेश उलगडतो आणि दुसऱ्यापासून ‘इनव्हॅलिड डिस्टन्स टू फार बॅक’ सुरू होतं. डेटा वाटेत खराब होत असता तर त्याने पहिला कोण, दुसरा कोण हे पाहिलं नसतं. संदेश दाबून लहान करणारी डिफ्लेट पद्धत येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहीत नाही. ‘इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल’ एवढंच सांगते, आणि 32 केबीपर्यंत मागे जाते. वेबसॉकेटच्या ‘परमेसेज-डिफ्लेट’मध्ये (आरएफसी 7692, 2015) ही आठवण एका संदेशातून पुढच्यात चालू राहू शकते. तू मात्र फ्रेम स्वतः वाचतोस आणि दर संदेशाला कोरा डीकंप्रेसर बनवतोस. त्याने मागे जायचं तरी कुठे? एका कनेक्शनला एकच डीकंप्रेसर ठेव, विंडो -15 दे, आणि संदेश संपला की 00 00 एफएफ एफएफ हे चार बाइट जोड. पाठवणारा ते मुद्दाम काढून घेतो.

म्हणशील, सर्व्हरच चुकतोय. मग ब्राउझर तोच प्रवाह कसा वाचतो? म्हणशील, काही ठिकाणी कोरा डीकंप्रेसरही चालतो. चालतो, पण हँडशेकच्या उत्तरात ‘सर्व्हर_नो_कॉन्टेक्स्ट_टेकओव्हर’ आलं असेल तर. ते हेडर छापून बघ. आणि म्हणशील, थोडे संदेश गळले तर काय बिघडलं? गळतात ते नेहमीच्या साच्यातले, कारण तेच मागचं उचलतात. उरतात ते वेगळे. अशा उरलेल्यांची सरासरी काढून काय उपयोग? बरं, डीकंप्रेसर एकच ठेवलास आणि मधला एखादा संदेश त्याला दिलाच नाहीस, तर पुढचे संदेश चुकीच्या जागेवरून बाइट उचलतील, आणि कधी कधी तक्रार न करता खोटा मजकूर देतील. जीझिपच्या शेवटी पडताळणीचे आठ बाइट तरी असतात. कच्च्या डिफ्लेटमध्ये तेही नाहीत. एरर हा एकच साक्षीदार आहे, आणि तू त्याचंच तोंड बांधतोस.

तुझ्या वयात मीही चूक झाकण्यालाच हुशारी समजायचो. ती खोड सुटायला फार वर्षं लागली, म्हणून इतकं बोललो. मनाला लावून घेऊ नकोस. फ्रेम हाताने वाचणं सोपं नाही. तू एकट्याने तिथवर पोचलास, हे ताईला मी आवर्जून सांगितलंय. ‘पास’ काढून टाक, एरर दिसू दे, आणि पुन्हा अडलास तर कितीही वाजता फोन कर. मी जागाच असतो. त्याआधी वेळेवर जेव.

तुझा,
मामा