ती ‘चल’ म्हणाली म्हणून

लेकीच्या उजव्या पोटरीवर एक लांबट डाग आहे, दोन नाणी शेजारीशेजारी ठेवावीत एवढा. आता तो गुलाबी उरलाय. गेल्या दिवाळीत कोकणात मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर तिथे टेकला. गाडी मी चालवत होते. ती बारा वर्षांची आहे. मुलांना मागे बसवून समुद्राकाठच्या रस्त्याला लागणारे आईबाप पुष्कळ असतात. त्यांनी जरूर जावं, पण आमचं काय चुकलं ते वाचून जावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही दिल्लीत बाडा हिंदूरावला राहतो. हे नाव ऐकलं की मराठी माणूस थबकतोच. हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८३५ साली दिल्लीतला इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला, त्यानंतर रिज टेकडीवरची त्याची कोठी हिंदूरावांनी घेतली. १८५७ च्या उठावात तिथे इंग्रजांचं ठाणं होतं, आज तिथे हिंदूरावांच्याच नावाचं रुग्णालय आहे. लेकीला ही गोष्ट मी रिजवरच्या अशोकस्तंभापाशी सांगितली, आणि तिथल्याच रस्त्यावर तिला मागे बसवून मोटारसायकलचा सराव केला. रविवारी सकाळी, रिकाम्या आणि बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर, अर्धा तास. तो सराव मला पुरेसा वाटला.

माझं माहेर पनवेलचं. भावाची साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन पनवेलहून निघायचं आणि चार दिवसांत वेंगुर्ल्याला पोचायचं, असा बेत होता. आखला मी दिल्लीत बसून, दिल्लीच्या हिशेबाने. इथून जयपूर पावणेतीनशे किलोमीटर, सकाळी निघालं की जेवायला तिथे. किनाऱ्याचा रस्ता त्या मापाने मोजता येत नाही. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग नकाशात सरळ खाली उतरताना दिसतो, पण वाटेत खाड्या आडव्या येतात. अगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी धरत पुढे जायचं. दाभोळची फेरीबोट २००३ पासून आहे. ती चुकली तर चिपळूणवरून लांबचा वळसा. खाडी ओलांडली की पुन्हा चढ, पुन्हा वळणं, मग गाव, गावातली गुरं, आणि एकपदरी रस्त्यावर समोरून येणारी एसटी. दिवसभराची सरासरी ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडली तरी खूप झालं. मुलाला घेऊन दिवसाला शंभर किलोमीटर धरा. मी पहिल्याच दिवशी त्याच्या दीडपट धरले होते आणि दिवेआगरला रात्री नऊला पोचले.

भाऊ गाडी एकटाच चालवतो. मागच्या चाकातली हवा एकट्याच्या हिशेबाची होती, मागचे शॉकअपसुद्धा. त्यावर मी बेचाळीस किलोची लेक आणि दोन बॅगा लादल्या. दुचाकीवर दोघांसाठी हवा किती हवी ते चेनच्या कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मला ते दुसऱ्या दिवशी पंपावरच्या पोराने दाखवलं. उसनी गाडी असेल तर निघण्याआधी एक अख्खा दिवस तिच्याबरोबर घालवा, मुलाला आणि सामानाला घेऊन. घाटातल्या चढावर थांबून पुन्हा निघून बघा. आमच्या रिजवर घाट नाही, आणि मी तो शोधायलाही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र मी कधी विसरणार नाही. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनकडे जाताना समुद्र उजव्या हाताला इतका जवळ येतो की वाऱ्याबरोबर तुषार अंगावर येतात. दिल्लीत वाढलेली माझी मुलगी पाठीमागून ओरडत होती, “आई, हळू! आई, ते बघ!” आम्ही तीनदा थांबलो. एका पुळणीवर तिने हट्ट धरला, मोकळंच आहे, मला थोडी चालवू दे. मी नाही म्हणाले. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात गिअरची गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ पासून २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हणाले असते. त्या दिवसातला माझा हा एकच निर्णय बरोबर होता.

बाणकोटची खाडी ओलांडून केळशीच्या बाजूला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. ऑक्टोबरचं ऊन, पाऊस नुकताच सरलेला, हवेत दमटपणा. वळणावळणाचा उतार सुरू झाला आणि माझ्या हेल्मेटला मागून टक् असा आवाज आला. तिचं हेल्मेट लागलं असेल म्हणून मी सोडून दिलं. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग टक् टक्. मी ओरडून विचारलं, “थांबायचं का गं?” उत्तर आलं, “नको, चल.”

हा आवाज नीट ओळखून ठेवा. ब्रेक लावल्यावर मागच्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटला लागतं, ते वेगळं. ब्रेक न लावता, रस्ता सरळ असताना ते पुन्हा पुन्हा लागायला लागलं, म्हणजे मागचं मूल पेंगतंय. मान सैल पडते आणि पुढे येते. कंबरेभोवतीची पकड त्याच्या आधीच ढिली झालेली असते, पण जॅकेटमुळे ते आपल्याला कळत नाही. त्या क्षणी गाडी कडेला घ्यायची. विचारायचं नाही.

विचारायचं का नाही, ते मला त्याच रात्री कळलं. ती दुपारपासून पाणीच प्यायली नव्हती. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागेल, जागा शोधावी लागेल, आई थांबेल, उशीर होईल आणि आई चिडेल, असा सगळा हिशेब तिने मनात केला होता. पहिल्या रात्री उशीर झाल्यावर मी धुसफुसले होते, ते तिने लक्षात ठेवलं होतं. मुलं आपल्याला खूश ठेवायला ‘चल’ म्हणतात. मुलगी असेल तर जास्तच. म्हणून पाऊण तास झाला की आपणच थांबायचं, गरज असो वा नसो. हॉटेल दिसलं की आधी शौचालय आहे का ते बघायचं, मग चहा. आपल्यासमोर ग्लासभर पाणी प्यायला लावायचं. गाडी कोण चालवतंय, तर आपण. तेव्हा थांबण्याचा निर्णयही आपलाच, तो लेकरावर टाकायचा नाही.

दिवस मावळला तेव्हा आम्ही आणखी एका फेरीबोटीत होतो. बोट पलीकडे लागली, पुढची झडप धक्क्यावर टेकली, आणि आधी मोटारी, मग दुचाक्या उतरू लागल्या. पाडव्याची संध्याकाळ होती. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाडवा येतो अमावस्येच्या पाठोपाठ, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं; पाणी चढतं खूप आणि ओसरतंही खूप. एरवी पाण्याखाली राहणारा धक्क्याचा खालचा उतार त्या संध्याकाळी उघडा पडला होता. त्यावर शेवाळ होतं, हिरवंगार, साबणासारखं. अंधारात मला तो नुसता ओला सिमेंटचा उतार दिसला.

पुढचं चाक चढलं, मागचं फिरलं. मी उजवा पाय टेकला, तो सरकला. गाडी उजवीकडे अगदी सावकाश आडवी झाली. वेग जवळजवळ नव्हताच. पण दिवसभर बसून लेकीचे पाय बधिर झाले होते, तिला उडी मारता आली नाही. ऊन होतं म्हणून तिने सकाळी जीन्स काढून गुडघ्याखाली संपणारी लेगिंग घातली होती, आणि मी घालू दिली होती. उघड्या पोटरीवर सायलेन्सर टेकला. दोन सेकंद असतील. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते.

बोटीवरचे दोघं आणि टोपली घेऊन उभी असलेली एक बाई धावली, गाडी उचलली. त्यातले म्हातारे मला म्हणाले, “ताई, लेकराला आधी उतरवायचं, मग गाडी काढायची. इथं सगळे तसंच करतात.” रागावून नाही, समजावून. मी बघितलं, खरोखरच मागे बसलेली सगळी माणसं चालत वर येत होती.

कुणीतरी टूथपेस्ट आणली, कुणी हळद म्हणालं. भाजलेल्या जागेवर यातलं काही लावू नये, बर्फही नाही. वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी धरावं. जवळच्या घरी नेऊन त्या टोपलीवाल्या काकूंनी नळाखाली तिचा पाय धरला आणि पूर्ण वेळ तिच्याशी बोलत राहिल्या, शाळा कुठली, दिल्लीत थंडी किती. नंतर स्वच्छ ओला रुमाल टाकून आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. फोड आले होते, घोटा मुरगळला होता, हाड शाबूत होतं. महाराष्ट्रात १०८ नंबरवर रुग्णवाहिका फुकट येते. आम्हाला लागली नाही, पण तो नंबर मुलालाही पाठ असू द्या. आपणच बेशुद्ध पडलो तर फोन तेच करणार आहे.

त्यामुळे उतारावर चढताना-उतरताना मागच्याला खाली उतरवायचं, हे धक्क्यापुरतं नाही. पुळणीकडे जाणारी रेताड वाट, जांभ्याची खडी पसरलेलं वळण, खोदलेला रस्ता, सगळीकडे तेच. आणि शक्यतो अंधार पडायच्या आत मुक्कामाला.

कपड्यांचं आणि हेल्मेटचं थोडक्यात सांगते. पूर्ण लांबीची जाड पँट आणि घोटा झाकणारे बूट, ऊन असलं तरी. हेल्मेट मुलाच्याच मापाचं, आयएसआयचं. मोठ्यांचं सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, आणि त्याहून लहान बाळ असेल तर हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग. पण इतक्या लहान मुलाला घेऊन हा प्रवास करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाचे पाय फूटरेस्टवर पूर्ण टेकत नसतील तर अजून एकदोन वर्षं थांबा. गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्याचं संरक्षण त्यात गृहीत धरू नका, पॉलिसी वाचा. भावाची पॉलिसी मी आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून पहिल्यांदा वाचली.

आम्ही तिथेच तीन दिवस राहिलो. वेंगुर्ला राहिलं. मी परतीचं बोलले तेव्हा तीच म्हणाली, पाय बरा वाटतोय, थोडं तरी पुढे जाऊ. या वेळी मी तिच्या म्हणण्यावर गेले नाही, डॉक्टरांना विचारलं. मग रोज सकाळी सात ते अकरा, एवढाच प्रवास. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेचा चढ येतो. वर पोचलो की खाली दोन्ही बाजूंना पुळण पसरलेली दिसते. तिथे गाडी लावून आम्ही तासभर बसलो. कुठेही वेळेत पोचायचं नव्हतं. रत्नागिरीहून भाऊ येऊन गाडी घेऊन गेला, आम्ही रेल्वेने परतलो.

त्या काकूंनी लेकीला एक हिशेब शिकवला होता. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. परत आल्यावर तिने पेन्सिलीने प्रत्येक चौकोनात बारीक आकडे लिहिले, पूर्ण डिसेंबरभर, समुद्रापासून हजारभर किलोमीटरवर. जानेवारीत नवं कालनिर्णय टांगलं तेव्हा मी बघितलं, तिथेही लिहायला सुरुवात झाली होती, आणि पौर्णिमेच्या आसपासच्या चार दिवसांवर फुली मारलेली होती.